हुरड्यात हलवलेली मान

श्री

सिरसाळा,
४ जानेवारी २०२६

ती. सौ. सुनिता आत्यास,
अभिमन्यूचा शि. सा. न. वि. वि.

अकरा जुलै, शुक्रवार, सकाळचे साडेदहा, रसायनशास्त्राचा तास. त्या मिनिटाला माझं सगळं बदललं. तू रागावून विचारलंस म्हणून आधी तेच लिहून टाकतो, नंतर धीर राहायचा नाही.

सर हजेरी घेत होते. माझा नंबर सत्तेचाळीस. शेजारच्यानं कोपर मारलं म्हणून वर बघितलं, तर अख्खा वर्ग माझ्याकडं बघून हसत होता आणि ते हसणं मला ऐकू येत नव्हतं. साठ तोंडं उघडी, आवाज नाही. विहिरीच्या तळाला उभं राहून काठावरची माणसं बघावीत, तसं. त्याआधी आठवडाभर तापानं पडलो होतो, तेव्हापासून उजवा कान बसला होता. पाणी गेलं असेल म्हणून रोज एका पायावर उड्या मारायचो. त्या दिवशी कळलं की डावाही निघालाय. सर काहीतरी बोलले, पोरं पुन्हा हसली. माझं डोकं तुला माहीत आहे. वही फळ्याकडं भिरकावली आणि निघालो, तो आजतागायत परत गेलो नाही. घरी सांगितलं, त्या कॉलेजात काही शिकवत नाहीत.

खरं हे आहे आत्या, की मला ऐकू येत नाही. उजव्या कानानं काहीच नाही. डाव्यानं, समोरच्यानं तोंडाकडं बघून हळू बोललं तर निम्मं. राहिलेलं निम्मं मी मनानं भरतो. नाहीच जमलं तर हसून मान हलवतो, लोक खूश होतात. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तू पहिली.

म्हणून तुझे फोन कट केले. पुढं फोनच बंद करून ज्वारीच्या कणगीत पुरून टाकला. मग तुझं ते एका ओळीचं पत्र आलं, 'नालायका, आत्या मेली असं समजलास का?' पोस्टमननं ते नेमकं आबांच्या हातात दिलं. ते हसले असावेत, मिशा हलल्या होत्या.

नुसतं रडगाणं नको म्हणून दुसरं लिहितो. गाव सध्या निम्मं रिकामं आहे. ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारांना कुलपं, मागं म्हातारी माणसं आणि शेळ्या. ज्यांना ऐकू येतं त्यांनाही ऐकायला फार काही नाही. माझी शांतता गावाच्या शांततेत मिसळून जाते, कोणाच्या ध्यानात येत नाही. दिवसभर मी ज्वारीत राखणीच्या माळ्यावर गोफण घेऊन बसतो. पाखरं मला आवाजानं कळत नाहीत. कणसांवरून त्यांची सावली सरकते, तेव्हा कळतात. मी ओरडतो, घसा थरथरतो, पण आवाज कुठं जातो कोण जाणे. कानात मात्र सारखं काहीतरी चालू असतं. लांब, मी कधी न बघितलेल्या एखाद्या गावात कोणाची तरी मोटर चालू राहिली आहे आणि पाणी बांध सोडून वाहत चाललंय, असं. दुपारी डोळा लागला की मी त्या गावाला जातो. तिथं सगळे एकदम बोलतात आणि मला सगळ्यांचं कळतं.

आबांना सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ. तू त्यांची एकुलती बहीण, तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून शपथ. सहा महिने झाले ते माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलत असतील तर मला माहीत नाही. त्यांना मी उद्धट वाटतो, वाटू दे. उद्धट पोरगं गावात खपतं, बहिरं नाही.

हे वाचूनही आहे ती माया तशीच ठेव. कीव मिसळू नकोस.

तुझा,
अभिमन्यू


पाटोदा,
९ जानेवारी २०२६

चि. अभिमन्यूस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र अंगणवाडीत मिळालं. पोरांना खिचडी वाढता वाढता उघडलं, आणि मग मदतनीस बाईंनीच सगळ्यांना वाढलं. एवढंच सांगते, जास्त विचारू नकोस.

मी काय करते माहीत आहे ना तुला? पोरांच्या पाठीमागं उभी राहून ताटली वाजवते. जे वळून बघत नाही त्याचं नाव लिहून दवाखान्यात पाठवते. अठरा वर्षं हेच. आणि दिवाळीत माझा स्वतःचा भाचा ओसरीवर पाठ करून बसला होता, मी तीन हाका मारल्या, आणि मनात काय म्हणाले? दादावर गेला, मिजास आली पोराला. दुसऱ्याची पोरं तपासत फिरले आणि घरातल्यावर नुसती रुसले.

आता नीट वाच. पहिलं, ह्याच आठवड्यात दवाखान्यात जा. अंबाजोगाईला कानाचे डॉक्टर बसतात. तुझा तो मित्र परमेश्वर, मोटारसायकलवाला, त्याला घेऊन जा आणि त्याला खरं सांग. तू स्वतः गाडी चालवायची नाहीस. मागचा हॉर्न तुला कळणार नाही.

दुसरं, मनानं भरतोस म्हणे. भरू नकोस बाळा. 'पुन्हा सांगा' म्हणायला जिभेला फोड येत नाही. आणि ती मान जपून हलव. आपल्या लोकांत तोंडच्या शब्दापेक्षा मान पक्की धरतात. बाजारात मान हलली की बैल दावणीला येतो.

शपथ मी मोडणार नाही, पण मला ती पटलेली नाही. दादा तापट आहे, तुझ्यासारखाच. पण दगड नाही.

संक्रांत आली. तिळगूळ पोस्टानं पाठवला तर भुगा पोचेल, म्हणून नुसतंच लिहिते, गोड बोल. तुझ्या बाबतीत आधी बोल तरी. आणि कणगीत कीड लागू नये म्हणून लिंबाचा पाला टाकतात, फोन टाकल्याचं पहिल्यांदाच वाचलं. त्यात कोणाचे एवढे फोन येत होते, की पुरून ठेवावा लागला? कोण आहे ती? मी आत्या आहे, मला नाही सांगायचं तर कोणाला?

उत्तराची वाट बघते. जीव लावला आहेस तसा लावून ठेव.

तुझी,
आत्या


सिरसाळा,
१९ जानेवारी २०२६

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. म्हणजे वाचलं. परमेश्वरसोबत अंबाजोगाईला गेलतो. घरी सांगितलं, बियाणं बघायला चाललोय.

एका काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी कितीतरी वेळ अंगठा टेकवून बसलो. मग डोळे मिटले आणि आवाज आलासा वाटला, दाबलं. काचेपलीकडची बाई मान हलवून नाही म्हणाली. ते माझ्याच कानातलं गाव होतं. डॉक्टर चांगले होते. माझ्याकडं बघून बोलले आणि वर कागदावर लिहूनही दिलं. उजव्या कानाची नस गेली. पहिल्या काही दिवसांत आला असतात तर औषधानं प्रयत्न करता आला असता. डाव्याला मशीन लागेल, उपयोग होईल. मशीनचा फॉर्म भरून आलो. बाहेर आल्यावर त्या 'पहिल्या काही दिवसांत' वर मी एवढ्या रेघा ओढल्या की कागद फाटला. उड्या मारत बसलो होतो आत्या, त्या दिवसांत. परमेश्वरवर उगाच खेकसलो. त्यानं चहा सांगितला.

तिचं नाव आरोही. दिंद्रुडची. वडिलांचं खताचं दुकान आहे. माझ्याच वर्गात होती, आता शेवटच्या वर्षाला. ती बोलते तेव्हा मधे श्वास घेत नाही. गोष्ट सांगायला लागली की गोष्टीतून दुसरी गोष्ट, आणि परत पहिलीवर येईपर्यंत बस निघून जायची. आम्ही तीन बस सोडल्याचं मला आठवतंय. टाइप करायचा तिला कंटाळा, सगळं बोलून पाठवायची. मी कॉलेज सोडल्यावर तिचे सेहेचाळीस मेसेज आले, सगळे आवाजाचे. सुरुवातीचे मी फोन गळ्याच्या हाडाला टेकवून वाजवले. थरथर कळायची. चिडली आहे का हसते, तेवढं तरी ओळखायला बघायचो. एक मेसेज पस्तीस सेकंदांचा होता. त्यात शेवटची वीस सेकंदं काहीच थरथरलं नाही. ती गप्प होती, का रडत होती? त्याच दिवशी फोन कणगीत गेला.

परमेश्वर म्हणाला, दे, मी ऐकून सांगतो. त्याच्या कानातून मी तिचं बोलणं घेऊ? फोनमधे बोललेलं लिहून दाखवायची सोय असते म्हणे. तिनं भांडायचं आणि यंत्रानं कारकुनासारखं उतरवून द्यायचं! नको. तिला वाटतं मी सोडली तिला. वाटू दे, म्हणालो. जी पोरगी एवढं बोलते तिनं बहिऱ्याजवळ काय करावं? फक्त एक गोष्ट सोसत नाही. तिचा आवाज माझ्या आठवणीतून रोज थोडा फिका होतोय. काल माळ्यावर मला तिचं हसणं आठवेना. तिचे दात आठवले, हनुवटी आठवली, हसणं नाही. मी गोफण टाकून तसाच बसलो. पाखरांनी पोटभर खाल्लं.

आता एक बरी बातमी. काल रानात हुरडा होता. आबांनी बरेच पाहुणे बोलावले होते, असतील कोणी राजकारणातले. आगटी पेटलेली, धूर, त्यात सगळ्यांची तोंडं हुरड्यानं भरलेली. भरल्या तोंडाच्या माणसाचं बोलणं ओठांवरून वाचून दाखव म्हणावं कोणालाही! मला एक अक्षर कळलं नाही. तरी मी निभावून नेलं. हसलो, दही-चटणी पुढं केली, ज्यानं विचारलं त्याला मान हलवली. एका पाहुण्यानं मोबाईलवर त्यांच्या मुलीचा फोटो दाखवला. हातात प्रमाणपत्र होतं, सत्काराचा असावा. मी लई छान म्हणालो. जाताना त्यांनी मला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. आपल्याकडं काय, पाणपोई उघडली तरी टॉवेल-टोपी. आबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. कित्येक महिन्यांनी. कोणाला कळलंसुद्धा नाही आत्या! असं जमणार असेल तर कशाला कोणाला सांगायचं?

घरात आई खूश आहे. साड्या आणतेय, बायका येतात-जातात. हळदीकुंकवाचे दिवस आहेत.

तुझ्या मनातली माझी जागा राखून ठेव.

तुझा,
अभिमन्यू


पाटोदा,
२५ जानेवारी २०२६

चि. अभिमन्यूस,
अनेक आशीर्वाद.

बसून वाच.

परवा दादाचा फोन आला. आवाजात एवढा आनंद मी वहिनी घरात आली तेव्हापासून ऐकला नव्हता. म्हणाला, पोरगं सुधारलं, हुरड्याला रामेश्वररावांनी विचारलं आणि त्यानं चार माणसांत होकार दिला. मुलीचा फोटो बघून लई छान म्हणाला. टॉवेल-टोपी झाली. एक फेब्रुवारीला, रविवारी, ते लग्नाची सुपारी फोडायला सिरसाळ्याला येणार आहेत.

ते राजकारणातले पाहुणे नव्हते. आई साड्या हळदीकुंकवाच्या आणत नाही.

मी फोन कानाला धरून उभी राहिले. तोंडापर्यंत आलं होतं, दादा, पोराला ऐकू येत नाही रे. पण माझ्या जिभेवर तुझी शपथ. काहीतरी पुटपुटले आणि ठेवून दिला. तुझा फोन कणगीत, म्हणून हा कागद. वेळेवर पोचू दे.

रामेश्वररावांचं गाव माझ्या गावापासून दोन कोसांवर. त्यांची मुलगी स्वप्नाली माझ्या पहिल्या वर्षीच्या पोरांतली. खिचडीत मीठ कमी म्हणून ताट सरकवून द्यायची. आता नर्सिंग झाली आहे, ते प्रमाणपत्र त्याचंच. काल मुद्दाम त्यांच्याकडं जाऊन आले. तिला घरच्यांनी सांगितलंय, मुलगा शांत आहे, कमी बोलतो, सगळ्यांना हो म्हणतो. ती हसत होती. मला तिच्याकडं बघवेना.

मी तुझ्यावर चिडले आहे आणि चिडता येत नाही. तुझं न ऐकू येणं ही तुझी चूक नाही अभी. पण मान तुझी होती. तू आबांना फसवत होतास, आता त्यात एक पोरगी आली, आणि तुझी ती दिंद्रुडची धरली तर दोन. रविवारी पुन्हा मान हलवलीस तर तिघांचं आयुष्य त्या एका मानेवर जाईल.

मी रविवारी येऊ शकत नाही. आले असते तरी बोलले नसते. हे दुसऱ्याच्या तोंडून यायचं नाही. शपथ तू घातलीस, तूच सोडव.

रागावले असले तरी तुझीच आहे, एवढं गृहीत धर.

तुझी,
आत्या


सिरसाळा,
१ फेब्रुवारी २०२६, दुपार

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. दोन दिवस माळ्यावर काढले. खोटं लिहीत नाही, एकदा असंही वाटलं की हलवावी मान. हो म्हणत म्हणत माणूस वाहत जातो, काही लागत नाही, कुठं ना कुठं लागतोच काठाला. कानातलं ते पाणी मला तसंच बोलवत होतं. मग डोळ्यापुढं ती तुझी स्वप्नाली आली, ताट सरकवणारी. ती माझ्या घरात मला हाका मारत फिरेल आणि तिला वाटेल, मिजास आहे.

सकाळी सातजण आले. रामेश्वरराव, स्वप्नालीचे बंकटमामा आणि बाकीचे. बैठकीत सतरंजी, मधे पाट, पाटावर सुपारी आणि नारळ. आबा माझ्या उजवीकडं बसले होते. सगळे एकदम बोलत होते, ओठ हलत होते, आणि मग सगळे थांबून माझ्याकडं बघायला लागले. आबांनी गुडघ्यानं मला हळूच ढोसलं. म्हणजे आता मान हलवायची.

मी म्हणालो, "आबा, मला ऐकू येत न्हाई."

केवढ्यानं बोललो माहीत नाही. अंगणातल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या, म्हणजे मोठ्यानंच असेल. पहिल्यांदा दोघंतिघं हसले. मग सगळे मिळून माझ्यावर तुटून पडले. माझंही डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि सांगितलं, असं न्हाई चालायचं. एकेकानं बोला, माझ्याकडं बघून बोला. आणि आत्या, ते बोलले. शाळेतल्यासारखे, एकाचं झाल्यावर दुसरा. आपल्या बैठकीत असं मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

बंकटमामा लाल झाले होते. त्यांचं मला पूर्ण कळलं. "मग त्या दिवशी मान कावून हलवली?"

"न्हाई म्हणायला आधी सगळं ऐकू यावं लागतं, मामा. हो म्हणायला काय बी लागत न्हाई."

मग मी जुलैपासूनचं सगळं सांगितलं. हजेरी, वही, काचेची खोली, डॉक्टरांचा कागद. उजवा गेला, डाव्यानं थोडं येतं. दिवाळीतलं एक तुला लिहिलं नव्हतं. आबांनी हाका मारल्या, मी उठलो नाही, म्हणून त्यांनी मला मारलं होतं. कानाखाली. मी ते बोललो नाही, पण ते आपल्या तळहाताकडं बघत बसले होते, तेव्हा मला कळलं की त्यांना आठवलंय. मग आबा उठले. मला वाटलं बाहेर जातील. ते पाटाला वळसा घालून आले आणि माझ्या डाव्या बाजूला बसले. एवढं जवळ की त्यांच्या मिशा कानाला लागल्या. "कवापासून एकटाच सोसत होतास रं?" म्हणाले. मला एका झटक्यात, पूर्ण ऐकू आलं.

रामेश्वररावांची मी माफी मागितली. ते फोन घेऊन अंगणात गेले, स्वप्नालीशी बोलले, परत आले आणि माझ्यासमोर उकिडवं बसून एकेक शब्द सांगितला. ती म्हणते, आधी सांगितलंस ते बरं केलंस, नंतर कळलं असतं तर मी सोडलं नसतं. आणि विचारते, प्रमाणपत्राला लई छान म्हणाला होतास, तेही खोटंच का? मी म्हणालो, ते खरं. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. ह्यावर रामेश्वरराव हसले. बंकटमामा नाही हसले, ते जेवलेही नाहीत. नारळ उचलला आणि गाडीत जाऊन बसले. त्यांचा राग बरोबर आहे. आबांची चार माणसांत मान खाली गेली, तीही माझ्यामुळंच. ती वर यायला वेळ लागेल.

पाहुणे गेल्यावर आबांना आरोहीचं सांगितलं. एकाच दिवशी सगळं झालेलं बरं. आबा काही बोलले नाहीत. खरंच बोलले नाहीत, मी त्यांच्या तोंडाकडंच बघत होतो.

रविवारी ती दिंद्रुडलाच असते. वडिलांच्या दुकानात बसते, उभं राहून सांगता येईल. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. ती शिव्या देईल आणि त्या मला निम्म्याच कळतील. बाकीच्या हळू दे म्हणेन. सात महिने वाट बघून तिनं मला मनातून काढून टाकलं असेल, तर तेही तिच्या तोंडावर वाचून येईन. तिला लिहून मात्र कळवणार नाही, तिच्याशी तसं नाही वागायचं.

पावणेतीनची गाडी आहे. आता आबा दारात येऊन उभे राहिले, मी बघेपर्यंत थांबले आणि म्हणाले, मी येऊ का संगट? मी पूर्ण ऐकलं आणि नाही म्हणालो.

तू शपथ पाळलीस, त्याचं ओझं माझ्यावर राहू दे. आता ती सुटली. आबांना फोन कर, ते सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्यानं बोलतील. आणि माझ्यावरचा हक्क सोडू नकोस.

तुझा,
अभिमन्यू

ता. क. पाकीट आईजवळ देतो, ती उद्या टाकेल. खोलीत ऊन आलंय, ते हळूहळू कागदावर चढतंय आणि इथंच बसून राहावं असं लई वाटतंय. पेन ठेवतो. बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.